पोहे आले होते

नजीरभाईंच्या किल्ल्यांना नंबर नव्हते, लोकर होती. एका मोठ्या कडीत किल्ल्यांचा जुडगा, आणि प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाच्या लोकरीची गाठ. पोपटी म्हणजे भिस्तबाग रोडचा वन बीएचके. पांढऱ्यात काळा धागा म्हणजे केडगावचं रो हाउस. जांभळी म्हणजे आमच्या सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, ज्याचा मालक पुण्याला असतो आणि पहिल्या फोनला कधी उत्तर देत नाही. नंबर का लावत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "नंबर दिसला की गिऱ्हाईक म्हणतं, आधीचे का नाही दाखवले? लोकर बघून कोण काय विचारणार?" ती लोकर त्यांच्या बायकोच्या, शमीमभाभींच्या, विणकामातून उरलेली असे. घर विकलं गेलं की नजीरभाई ती गाठ सोडून खिशात ठेवायचे आणि नुसती किल्ली नव्या माणसाच्या हातात द्यायचे. लोकर पुढच्या घराला.

नगरमध्ये घरं दाखवणं हा त्यांचा धंदा. बोर्डांवर आता अहिल्यानगर आलं आहे, पण आमच्या तोंडात नगरच बसलेलं. एजंट म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "मी माणसं बसवतो," म्हणायचे, "पंगतीत बसवतात तशी. कुणाशेजारी कोण, हे बघावं लागतं. नाहीतर जेवण चांगलं असून घास उतरत नाही." बुटका, रुंद बांध्याचा माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि घाम कॉलरला लागू नये म्हणून मानेमागे खोचलेला चौकड्यांचा मोठा रुमाल. स्कूटर इतकी जुनी की तिच्या आवाजावरून गल्लीतली पोरं त्यांची वेळ सांगायची. स्वभावाने हेकट होते. दुसऱ्याने घर निवडलेलं त्यांना कधीच पटायचं नाही. लग्नाला गेले तरी मांडवात बसून यजमानाच्या घराची दिशा चुकली आहे, हे शेजारच्याला सांगायचे.

रिकाम्या घरात शिरताना ते चपला बाहेर काढायचे. आधी सगळे नळ सोडून बघायचे. मग स्वयंपाकघरात फरशीवर तो रुमाल पसरून, डोळे मिटून बसायचे. गिऱ्हाईक बिचारं दारात उभं. कुणी बोललं तर हात वर करून गप्प करायचे.

"घर ऐकावं लागतं," म्हणायचे. "रंग काय, परत मारता येतो."

खोल्या किती हव्यात, बजेट किती, हे ते शेवटी विचारायचे. पहिला प्रश्न ठरलेला. "तुमच्या घरात रुसतं कोण?" लोक हसायचे, एकमेकांकडे बघायचे आणि मग उत्तर यायचं. सासू रुसते, मुलगा रुसतो, नाहीतर मीच रुसतो. ज्याचं नाव येईल, त्याच्यासाठी नजीरभाई घर शोधायचे.

अकोले तालुक्यातल्या डोंगराकडून एक जोडपं आलं होतं. मुलीला नगरच्या कॉलेजात घातलं होतं आणि तिच्यासोबत आईनं इथं राहायचं ठरलं होतं. मी त्या दिवशी सहज नजीरभाईंबरोबर होतो. त्यांनी एक छान फ्लॅट दाखवला. बाई सगळीकडे फिरल्या आणि म्हणाल्या, "चांगलं हाय, पन आमाला वरचा मजला न्हाई जमायचा. तांदळाची पोती कुडं ठिवायची?"

"पोती चढवू आपण, लिफ्ट आहे," नजीरभाई म्हणाले.

"आन खेकडं?"

"खेकडे?"

"पावसाळ्यात माजा भाऊ खेकडं घिऊन यील. पाटीतनं सुटत्यात ती. जिन्यात फिरत्यात."

नवरा तिला खुणा करत होता, गप बस म्हणून. नजीरभाईंनी मात्र त्या बाईंपुढे हात जोडले. "ताई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक मिळत नाही हो. लोक हे सांगतच नाहीत. आधी राहायला जातात आणि मग खेकडे बाहेर काढतात." त्यांना त्यांनी केडगावला मागे अंगण असलेलं घर दिलं. बाई दर वर्षी त्यांना नवा तांदूळ पाठवायच्या. त्यातला मूठभर आमच्याकडेही यायचा, कारण आम्हालाही त्यांनीच बसवलं होतं.

आम्ही मूळचे झेंडीगेटकडच्या एका गल्लीतले. नजीरभाईंचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मी लहान असताना गल्लीत सगळेच होते. मग हळूहळू गल्ली दोन्ही टोकांनी रिकामी व्हायला लागली. आमच्यातले सावेडीकडे, त्यांच्यातले मुकुंदनगरकडे. कारणं प्रत्येकाची वेगळी. शाळा जवळ हवी, पाणी येत नाही, गाडी लावायला जागा नाही. मीही हीच कारणं सांगितली, आणि ती खोटी नव्हती. पण शहरात कुठं काही झालं की आमच्या गल्लीतली दारं संध्याकाळी लवकर लागायची. गल्लीत कधी कुणी कुणाला वाकडा शब्द बोललेलं मला आठवत नाही. तरी दारं लागायची. आपल्या लोकांत राहिलेलं बरं, असं आमच्या घरात कुणी मोठ्याने म्हटलं नाही. मनात सगळ्यांच्या होतं. माझ्या तर होतंच.

आमच्या घरात रुसायची ती आई. तिची अट अशी, की संध्याकाळी आरतीची घंटा घरात ऐकू आली पाहिजे, पण लाउडस्पीकर नको. मी वैतागलो. नजीरभाईंनी ही अट तांदळाच्या पोत्यांइतकीच मनावर घेतली. ते आरतीच्या वेळेला सावेडीतल्या रिकाम्या घरांत जाऊन रुमाल पसरून बसायला लागले. आणि एका संध्याकाळी आमच्या दारात येऊन आईला म्हणाले, "काकू, चला. घंटा सापडली."

आई त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेली. पदर खोचून, एका हाताने त्यांचा खांदा धरून. सगळी गल्ली बघत होती. मी मागून पोचलो. चिंचबन सोसायटीतल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात दोघं शेजारीशेजारी फरशीवर बसली. घंटा वाजली. लांबून, बारीक, हवी तेवढी. आईनं डोळे उघडून विचारलं, "नजीर, तू पण इकडंच का येत नाहीस राहायला?"

"मी आलो तर आपल्या गल्लीतल्यांना घर कोण दाखवणार, काकू?" नजीरभाई हसले. मीही हसलो.

आता चहाचं सांगतो. ती पद्धत नजीरभाईंनीच सुरू केली.

आमची सोसायटी लहान. नाव चिंचबन, पण बन काही नाही, कंपाउंडात एक जुनी चिंच आहे. मी तिथं राहायला गेल्यावर काही वर्षांत सेक्रेटरी झालो. दुसरं कुणी तयार नव्हतं. आमच्याकडे कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, असा लिहिलेला नियम नाही. लिहिता येणारही नाही. पण नवीन माणूस आला की कमिटीतलं कुणीतरी गप्पा मारायला पुढं व्हायचं. आडनाव काय, गाव कुठलं.

एकदा नजीरभाईंनी एका नर्सबाईंना आणलं. फ्लॅट त्यांना पसंत पडला. खोल्या मोजायला त्यांनी घरून टेप आणली होती. जिन्यात आमचे चेअरमन रंगनाथतात्या भेटले. तात्या मूळचे देवळाली प्रवऱ्याकडचे, साखर कारखान्यात केमिस्ट होते, आता निवृत्त. त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि मग विचारलं, "गावात घर कुठल्या बाजूला?"

बाईंना कळलं. त्यांनी सांगितलं, कुठल्या बाजूला ते.

"मग नाही जमायचं हो आमच्यात," तात्या म्हणाले. आवाज मऊच होता. ती टेप बाईंना गुंडाळता येईना, तेव्हा नजीरभाईंनी ती त्यांच्या हातातून घेऊन गुंडाळून दिली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "सुधीर, तुमची सोसायटी, तुम्ही ठरवा. पण माझ्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर नाही म्हणायचं नाही. त्यांना चहाला बोलवा. जमत असेल तर चहाबरोबर पोहे द्या. जमत नसेल तर नुसता चहा. पुढचं मी बघतो."

आम्हाला ती युक्ती फार सभ्य वाटली. चहा माझ्याच घरी व्हायचा, कारण माझी बायको वंदना पोहे चांगले करते. कमिटीचं ठरलं की मी तिला ऑफिसातून फोन करायचो, "पोहे टाक," नाहीतर "आज चहाच." ती कधी काही विचारायची नाही. नुसता चहा आला की नजीरभाई तो सावकाश संपवायचे आणि जिना उतरताना गिऱ्हाइकाला म्हणायचे, "इथं पार्किंगचा फार प्रॉब्लेम आहे हो. तुम्हाला याच्यापेक्षा चांगलं दाखवतो." कुणाचं मन दुखत नसे, असं आम्ही धरून चालत होतो. तात्यांनी त्या नर्सबाईंना नाही म्हटलं, त्यानंतर दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नव्हते. चहा सुरू झाल्यावर तसं कधी झालं नाही. आम्ही कप खाली ठेवून क्रिकेटवर बोलायला लागायचो.

पोहे असले की नजीरभाई खुशीत. लिंबू दोन फोडी. शेंगदाणे एकेक करून बशीच्या कडेला सारून ठेवायचे आणि पोहे संपल्यावर ते एकेक खायचे. गिऱ्हाइकाला तिथून हलता यायचं नाही. जिन्यात म्हणायचे, "या आता राहायला."

मग एका रविवारी ते एकटेच आले. बरोबर गिऱ्हाईक नाही. जुडगा टेबलावर ठेवला आणि त्यातली जांभळी लोकर वेगळी करून दाखवली.

"हा मला बघायचाय," म्हणाले.

शमीमभाभींचे गुडघे गेले होते. गल्लीतलं त्यांचं घर म्हणजे खाली एक खोली आणि वर जायला शिडीसारखा लाकडी जिना. भाभी तो जिना बसून उतरायच्या. त्यांच्या व्यायामाचा दवाखाना आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर. आणि शिवाय ती चिंच. सावेडीत शेतं होती तेव्हा भाभींचे वडील तिथली जमीन वाट्याने करायचे. चिंचेखाली त्यांची बैलजोडी बांधलेली असे. "तिच्या ओळखीचं झाड आहे ते," नजीरभाई म्हणाले. "घरात रुसतं कोण, हे मी सगळ्यांना विचारलं, आमच्या घरात कधी विचारलंच नाही. परवा विचारलं. तर म्हणाली, मला त्या झाडाजवळ ने."

मी म्हणालो, "मुकुंदनगरला लिफ्टच्या चांगल्या बिल्डिंगी झाल्यात की."

"झाल्यात ना. मीच विकल्यात." ते माझ्याकडे बघत राहिले. "अर्धं मुकुंदनगर मी बसवलंय, सुधीर. सावेडीतले पण किती मीच. तू इकडं, तो तिकडं. जन्मभर हेच केलं. आता एकदा बायकोला पाहिजे तिथं बसू दे की मला." मग हसून म्हणाले, "आणि तिकडं मेहुणा, मेहुण्याचा साडू, भावाची सून. रोज दारात कुणीतरी उभं. मला शांतता पाहिजे. तुझ्या आईसारखी, घंटेपुरती."

मी जुडग्यातल्या किल्ल्या चाळवत राहिलो, तेव्हा तेच म्हणाले, "तू टेन्शन घेऊ नको. चहाला बोलाव, रीतसर. नुसता चहा आला तरी मी मनात काही आणणार नाही. वहिनींचा चहा पण चांगला असतो."

कायद्याने आम्हाला त्यांना अडवता आलं नसतं. मालक तयार होता. पण त्यांना ते तसं नको होतं. त्यांना पोहे हवे होते.

कमिटी तात्यांच्या घरी बसली. तात्या म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे रे. माझ्या पुतण्याला घर त्यानंच दिलं. पण त्याच्यामागून कोण येईल, ते आपल्या हातात आहे का? उद्या तुला फ्लॅट विकायचा झाला तर गिऱ्हाईक पहिलं काय विचारील?" दुसरे एक जण म्हणाले, बकरी ईदला काय करायचं. तिसऱ्यांनी घरातल्या बायकांना चालायचं नाही, हे काढलं. मी इतकंच म्हणालो, "आपण त्यांना लहानपणापासून ओळखतो." तात्या म्हणाले, "तू ओळखतोस. आणि आपण त्याला नाही कुठं म्हणतोय? तो समजून घेईल. त्याचीच पद्धत आहे. चहा ठेव."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला आतून हलकं वाटलं. तात्यांनी माझ्या वतीने बोलून टाकलं होतं. फ्लॅटच्या किमतीचा विचार मी त्यांच्याआधी करून ठेवला होता.

त्या दिवशी मी वंदनाला फोन केला नाही. दुपारभर करीन म्हणत राहिलो. चहाच, एवढा एक शब्द. पण तो ऐकून ती पहिल्यांदाच काहीतरी विचारील, आणि मला उत्तर द्यावं लागेल, अशी भीती वाटली. घरी पोचलो तर ओट्यावर कांदा चिरलेला, मिरच्या चिरलेल्या, पोहे भिजवून चाळणीत निथळत ठेवलेले. नजीरभाईंसाठी म्हणून तिनं शेंगदाणे जास्त घेतले होते.

"जरा लवकर आलात ते बरं झालं," ती म्हणाली. "लिंबं आणलीत का?"

त्या वेळी सांगायला हवं होतं. मी चप्पल घातली आणि लिंबं आणायला गेलो.

नजीरभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. रुमालही नवा, घड्या दिसत होत्या. तात्या होते, आणखी दोघं होते. बोलणं पावसाचं, मुळा धरणाच्या पाण्याचं. नजीरभाई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत नव्हते. इतकं न बघणारा माणूस मी पाहिला नाही. मग फोडणीचा वास आला. ते बोलता बोलता थांबले.

वंदना बशा घेऊन बाहेर आली आणि पहिली त्यांच्या हातात दिली.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बशीकडे. तात्यांनीही पोहे खाल्ले. नजीरभाईंनी मानेमागचा रुमाल काढून तोंड पुसलं, नीट पुसलं, आणि म्हणाले, "वहिनी, लिंबू आहे का अजून?" शेंगदाणे त्यांनी कडेला लावले. शेवटी एकेक करून खाल्ले. मी ते बघत होतो आणि प्रत्येक दाण्याला वाटत होतं, आता बोलावं. दाणे संपले.

जिन्यात माझा हात धरून म्हणाले, "मग येतो आता राहायला."

वर आलो तर तात्या दारात. "हे काय केलंस रे? आता तूच निस्तर."

मला निस्तरायला आठवडा लागला. तेवढ्यात नजीरभाईंनी पुण्याच्या मालकाला विसार देऊन टाकला. गल्लीतलं घर स्वतःच्या पुतण्याला द्यायचं ठरलं, त्यानं वरच्या खोलीला रंग द्यायलाही घेतला. शमीमभाभी रिक्षा करून येऊन चिंचेखाली बसून गेल्या, असं वॉचमननं सांगितलं. मी तेव्हा घरातच होतो.

शेवटी गेलो. भाभी खालच्या खोलीत भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून पोत्यात भरत होत्या. मला बघून म्हणाल्या, "सुधीरभाई, किचनच्या खिडकीतनं चिंच दिसते ना? मला खालनं बघून तसं वाटलं."

"दिसते, भाभी," मी म्हणालो. खरोखर दिसते.

नजीरभाईंना बाहेर ओट्यावर घेऊन गेलो. बोलायला तोंड उघडलं आणि काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. कमिटी, तात्या, सगळ्यांचं मत, असं काहीतरी. ते ऐकत होते. चेहऱ्यावर राग नव्हता, हिशेब न लागल्यासारखं काहीतरी होतं.

"पण पोहे आले होते," ते म्हणाले.

"वंदनाला माहीत नव्हतं."

"आणि तुला?"

रस्त्याने एक टेम्पो गेला. तो जाईपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"मला चहा द्यायचा होतास रे," ते म्हणाले. "मी समजलो असतो. कप ठेवून उठलो असतो. घरी येऊन दुसरं काहीतरी सांगितलं असतं हिला. आता हिनं बशा पण गुंडाळल्या."

"तुम्ही रजिस्ट्रारकडे गेलात तर कुणाला अडवता येणार नाही," मी म्हणालो. "मी तुमच्या बाजूने लिहून देतो." हे बोलताना मला मोठं धाडस केल्यासारखं वाटत होतं, याची मला आज लाज वाटते.

"मिळेल की घर. मग हिनं भाजी आणायला खाली उतरताना जिन्यात बघायचं कुणाकडे? तुझ्याकडे?"

ते उठले. ओट्यावरूनच आतल्या बाजूला वळून मोठ्याने म्हणाले, "अगे सुनी क्या? उधर पार्किंग का प्रॉब्लेम है बोलते."

कागदाचा आवाज थांबला. आतून भाभी म्हणाल्या, "पार्किंग? अपने पास तो एक स्कूटरच है ना?"

नजीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या वाक्यावर कुणी असं विचारलं नव्हतं.

घरी येऊन वंदनाला सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "माझ्या हातनं करवलंत तुम्ही हे." त्यानंतर सोसायटीसाठी तिनं पोहे केले नाहीत. चहा तात्यांच्या घरी व्हायला लागला. मी सेक्रेटरीपद सोडलं नाही. सोडलं तर का सोडलं, हे सांगावं लागलं असतं. आई आता नाही. संध्याकाळी घंटा ऐकू येते तेव्हा वंदना मिक्सर लावते, किंवा मला तसं वाटतं.

नजीरभाई मुकुंदनगरला गेले. घर वाईट नाही. लिफ्ट आहे, हवा आहे, आमच्यापेक्षा खोल्या मोठ्या आहेत. मी एकदा जाऊन आलो. भाभींनी शेवयांची खीर केली होती. मेहुणा होता, मेहुण्याचा साडू होता, दार सारखं वाजत होतं. नजीरभाई सगळ्यांशी माझी ओळख करून देत होते, "आपल्या गल्लीतला सुधीर." मी निघालो तेव्हा ते म्हणाले, जपून जा. परत ये म्हणाले नाहीत. ते नगरातच आहेत, फोन नंबर तोच आहे. मी लावत नाही.

पण त्यांना शेवटचं पाहिलं ते आमच्याच सोसायटीत. शिमग्याचे दिवस होते, चिंचा पिकून खाली पडत होत्या. पुण्याच्या मालकाने जांभळ्या किल्लीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं नव्हतं. दुसरं कुणी त्याला भरवशाचं वाटत नसावं. नजीरभाई श्रीरामपूरकडचं एक तरुण जोडपं घेऊन आले. तात्यांच्या घरी सगळे बसलो. तात्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं. उत्तरं बरोबर आली. तात्यांच्या सुनेनं पोहे आणले.

नजीरभाईंनी बशी घेतली आणि समोर ठेवली. त्या मुलीला म्हणाले, "घ्या, घ्या. पोहे आलेत." ती हसली. तिला त्याचा अर्थ माहीत असायचं कारण नव्हतं.

"तुम्ही घ्या ना काका."

"तुमचं होऊ द्या सावकाश. मी खाली जातो जरा. तुमच्या गाडीला जागा बघून ठेवतो."

ते उठून गेले. थोड्या वेळाने मी गॅलरीत गेलो. नजीरभाई चिंचेखाली वाकले होते. चौकड्यांचा रुमाल जमिनीवर पसरला होता आणि ते पडलेल्या चिंचा निवडत होते. एकेक चिंच फोडून बघायचे. किडकी असली की लांब टाकायचे. चांगली असली की रुमालात. वर बघितलं तेव्हा मी दिसलो.

"सेक्रेटरीसाहेब," ते खालून म्हणाले, "चार चिंचा घेतोय घरी. चालेल ना?"

लहानपणापासून त्यांनी मला सुधीर सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"घ्या ना, नजीरभाई."

"विचारलेलं बरं."

त्यांनी रुमालाची गाठ मारली आणि ती स्कूटरच्या हुकाला अडकवली. मग जुडगा काढला. जांभळी किल्ली शोधली आणि तिची लोकर सोडवायला लागले. गाठ घट्ट बसली होती. नखाने निघेना. त्यांनी चष्मा वर केला, किल्ली डोळ्यांजवळ नेली, मग दाताने ओढून बघितली. आत तात्या त्या मुलाला विचारत होते, चहा अजून घेणार का. बऱ्याच वेळाने गाठ सुटली. नजीरभाईंनी लोकर बोटाला गुंडाळून खिशात ठेवली आणि नुसती किल्ली हातात धरून, गिऱ्हाईक खाली उतरायची वाट बघत उभे राहिले.